एक नंबरची बाटली

तायडे सर मला पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. अमरावतीच्या या कॉलनीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. सामानाचा ट्रक दारात उभा होता. एक उंच, वाळका, अर्ध्या बाह्यांच्या पांढऱ्या शर्टातला माणूस फाटक उघडून आत आला, माझ्या हातात झाकणाची छोटी प्लास्टिकची बाटली ठेवली आणि म्हणाला, "रविवारी सकाळची पहिली. साडेसहाले येतो."

"पहिली काय?" मी विचारलं.

"लघवी," ते म्हणाले. ट्रकवाला, दोन हमाल आणि माझी बायको सुनंदा असे चौघे ऐकत होते. "अन् शनिवारी रात्री लसूण खाऊ नका. ठेचा तर बिलकुलच नाही."

एवढं बोलून ते गेले. हमालांपैकी एकाने मला सहानुभूतीने विचारलं, "काही आजार हाय का सायेब?"

तायडे सर केमिस्ट्रीचे प्राध्यापक. मी त्यांच्याच कॉलेजात ज्युनिअरला मराठी शिकवत असे, पण आमच्या इमारती वेगळ्या असल्यामुळे तोवर ओळख नव्हती. ओळख झाल्यावर कळलं की सरांबद्दल कॉलेजात दोन मतं होती. एक म्हणजे माणूस फार हुशार आहे. दुसरं म्हणजे त्याच्या प्रयोगशाळेत चहा घेऊ नये.

सरांचं सगळं आयुष्य नाकावर चाललेलं. ते टरबूज थापटून घेत नसत, हुंगून घेत. संत्र्याच्या ढिगापुढे असे काही वाकत की बाजारातली बाई म्हणायची, "घ्याचं असन तं घ्या, नाई तं सरका." वर्गात पोरगा आला की सर सांगत, "सकाळी पोहे, वरून खर्रा. खर्रा थुकून ये." पोरं त्यांना घाबरत, पण त्यांच्याकडे काही खपत नाही म्हणून त्यांना मानतही.

त्यांनी एक यंत्रही बनवलं होतं. त्याला ते नाकाड्या म्हणत. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात माशांच्या टाकीला लावतात तो हवेचा छोटा पंप, आणि काचेच्या आठ पट्ट्या. पट्ट्यांवर सरांनी स्वतः शिजवलेल्या काळपट-हिरव्या रसायनाचा लेप. बाटलीतली लघवी जराशी गरम करायची आणि तिची वाफ पट्ट्यांवरून सोडायची. प्रत्येक पट्टीला वेगळ्या वासाची ओढ. तो वास लागला की पट्टीतून जाणारी वीज कमीजास्त होते आणि लॅपटॉपवर आठ रेषा वरखाली होऊ लागतात.

मूत्राशयात कॅन्सर असला तर लघवीत काही द्रव्यं उतरतात आणि तिचा वास बदलतो. माणसाच्या नाकाला हा बदल कळत नाही, तो नाकाड्याला कळावा, एवढीच सरांची मागणी होती. एका सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई त्यांच्या विद्यार्थिनी. त्या पेशंटच्या परवानगीने त्यांच्या बाटल्या पाठवत. पण आजारी माणसाची रेष ओळखायची तर आधी धडधाकट माणसाची रेष कशी असते ते माहीत पाहिजे. ती धडधाकट माणसं म्हणजे आम्ही. सगळी कॉलनी मिळून चाळीस बाटल्या होत्या. माझा नंबर आठ, सुनंदाचा नऊ. एक नंबर सरांच्या बायकोचा, कमलताईंचा.

दर रविवारी सर निळी बर्फाची पेटी घेऊन निघत. शेवटच्या गल्लीपासून सुरुवात करायचे आणि स्वतःच्या घरी संपवायचे. बेल वाजली की "द्या." गुड मॉर्निंग वगैरे भानगड नाही. एखाद्याने "आज नाही जमलं सर" म्हटलं की ते फाटकाजवळच्या ओट्यावर बसत आणि म्हणत, "थांबतो मी. पानी प्या."

आता वऱ्हाडात शनिवारी रात्री ठेचा नको म्हणणं म्हणजे काय, हे इथल्या माणसालाच कळेल. आमच्याकडे शनिवारी मुगाची खिचडी शिजू लागली. एका शनिवारी मी मित्राच्या शेतात जाऊन रोडगे आणि वांग्याची झणझणीत भाजी हाणली. घरी कोणाला सांगितलं नाही. सोमवारी स्टाफरूममध्ये सर माझ्यापाशी येऊन वाकले. "आठ नंबर," ते म्हणाले, "किती रोडगे?"

"दोन," मी म्हणालो.

सर नुसते बघत राहिले.

"चार," मी म्हणालो.

"माणूस खोटं बोलते मोहोड सर, मूत बोलत नाही." हे त्यांचं आवडतं वाक्य. लग्नात, सभेत, एकदा तर प्राचार्यांच्या निरोप समारंभातही त्यांनी ते ऐकवलं होतं. शेजारचे पाटील शनिवारी रात्री मीटिंगला जातात म्हणून जे सांगायचे, त्या मीटिंगचा ब्रँड नाकाड्याने तिसऱ्या आठवड्यातच ओळखला. त्या दिवसापासून कॉलनीतल्या यच्चयावत बायका विज्ञानाच्या बाजूला गेल्या.

परवानगीचा अर्ज चांगल्या मराठीत लिहून द्या, म्हणून सर माझ्याकडे आले होते. मी दोन दिवस खपून "प्रातःकालीन प्रथम मूत्रविसर्जनाचा अंश स्वेच्छेने सुपूर्द करीत आहे" असं काही तरी लिहिलं. सरांनी ते वाचलं, खिशातून पेन काढलं, सगळं खोडून "सकाळची पहिली, माझ्या मर्जीनं देतो" असं लिहिलं आणि माझ्याच हातात परत दिलं. "हे छापा," म्हणाले. मी चार दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

या सगळ्याच्या मागे काय आहे, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. आम्ही दोघं पेपर तपासून परत येत होतो. सरांचे वडील पातूरचे, शेतमजूर. त्यांच्या लघवीतून रक्त जाऊ लागलं आणि त्यांनी ते घरात कोणाला सांगितलं नाही. धोतर ते स्वतःच नदीवर नेऊन धुवायचे. घरच्यांना वाटलं, म्हातारा आता नीटनेटका झाला. खरं कळेपर्यंत ते हाताबाहेर गेले होते.

"सांगाची लाज वाटली त्यायले," सर म्हणाले. "बस, लाज. म्हनून मी हे करून रायलो. माणसाले तोंडानं सांगाची गरजच नाही पडली पाह्यजे. बाटली द्याची, चालले जाचं. काय झालं ते बाटली सांगीन."

मी त्यांच्याकडे पाहिलं. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

कमलताई म्हणजे सरांच्या अगदी उलट. बुटक्या, गोल, हसतमुख. सरांनी कोणाच्या दारात काही बोलून ठेवलं की अर्ध्या तासाने त्या वाटीभर काहीतरी घेऊन त्या दारात जात. "त्यायचं मनावर घेऊ नका बाप्पा," एवढंच म्हणत. कॉलनीत तायडे सरांना ज्या चाळीस बाटल्या मिळत, त्यातल्या निदान तीस कमलताईंच्या वाटीमुळे मिळत, असा माझा अंदाज आहे. सरांना मात्र वाटायचं की हे सगळं परवानगीच्या अर्जातल्या भाषेमुळे घडतं.

रविवारी सकाळी सहाच्या सुमारास कमलताई मागच्या बाजूने आमच्याकडे येत. कढीपत्ता न्यायला, असं मला वाटे. आमच्या परसात कढीपत्त्याचं झाड आहे आणि मी त्या वेळी अंथरुणात असतो, त्यामुळे मी कधी चौकशी केली नाही. एप्रिलपासून पुढे पाच महिने त्या दर रविवारी येत होत्या. इतका कढीपत्ता कोणी खात नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

सप्टेंबरात कमलताईंची पाठ दुखू लागली. सर त्यांना नागपूरला घेऊन गेले. तिथे कळलं की मूत्राशयाचा कॅन्सर आहे आणि तो पसरला आहे. फेब्रुवारीत कमलताई गेल्या.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी सरांच्या अंगणात मांडव होता. वंदना झाली, लोक दोन दोन शब्द बोलले. शेवटी सर उभे राहिले. मला वाटलं, कमलताईंबद्दल काही बोलतील. ते म्हणाले, "एक नंबरची बाटली दर हप्त्याले मशीनवर गेली. मशीननं नॉर्मल सांगितलं. मशीन चुकलं. मी काम बंद करून रायलो. तुमी सगळ्यायनं बाटल्या देल्या, तुमचे आभार." आणि बसले. पाटील रडू लागले.

त्यानंतर रविवारची बेल थांबली. साडेसहाला मला आपोआप जाग यायची. आतून वाईट वाटायचं, आणि आपल्याला लघवी न मागितल्याबद्दल वाईट वाटतंय याचं हसूही यायचं. सर कॉलेजात यायचे, तास घ्यायचे, घरी जायचे. पोरगा खर्रा खाऊन समोर बसला तरी काही म्हणत नसत.

अशाच एका रविवारी मी उठलो तेव्हा सुनंदा न्हाणीघराच्या दारात बसली होती. हातात नऊ नंबरची बाटली, भरलेली. मी म्हणालो, "अगं, आता कोणाले द्याची?" तर ती पदर तोंडात कोंबून रडायला लागली. मग तिने मला सांगितलं.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी कमलताई मागच्या दाराने आल्या होत्या. हातात एक नंबरची बाटली होती, रिकामी. म्हणाल्या, "सुनंदा, मले उन्हाळी लागली व. लाल होऊन रायली. यायनं पाह्यलं तं घर डोक्यावर घेतीन, मले तपासाले नेऊन टाकतीन. तूच भरून दे न इतकी."

उन्हाळी आमच्याकडे कोणाला लागत नाही? वऱ्हाडातल्या उन्हात एप्रिल-मेमध्ये लघवीला जळजळ होते, कमी होते, रंग बदलतो. धन्या-जिऱ्याचं पाणी प्यायचं, सब्जा भिजवून घ्यायचा, चार दिवसांत उतरते. सुनंदानेही तेच केलं. धने-जिरे भिजवून तांब्याभर पाणी दिलं आणि दोन्ही बाटल्या स्वतःच भरल्या. पुढच्या रविवारी कमलताई परत आल्या. मग त्याच्या पुढच्या. "बरी आहे का आता?" म्हणून सुनंदा विचारायची, "जाते न् येते," असं त्या म्हणायच्या. सरांपुढे ही गोष्ट काढायची त्या दोघींनाही सारखीच लाज. ऊन संपलं, पाऊस आला, तरी उन्हाळी होतीच, आणि दोघींपैकी एकीनेही त्याचा अर्थ लावला नाही.

"म्या मारलं तिले," सुनंदा म्हणाली.

मी म्हणालो, तसं नाही. एप्रिलमध्ये कळलं असतं तर काय झालं असतं, हे डॉक्टरही छातीठोक सांगू शकत नाहीत. पण माझ्या बोलण्याचा काही उपयोग झाला नाही, कारण माझ्या मनातही तेच येत होतं. मग मी म्हणालो, "सरांना सांगितलं पाहिजे. मशीन चुकलं नाही हे तरी त्यांना कळू दे. बारा वर्षांचं काम आहे त्यांचं."

"कोनत्या तोंडानं सांगू?" ती म्हणाली. "अन् तुमीही सांगाचं नाई. माही शप्पथ हाय."

शपथ घातली नसती तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस समजावलं. खरं म्हणजे मी दोनदा सरांकडे गेलो होतो. दोन्ही वेळा त्यांनी मला काळा चहा दिला, कारण दूध आणायची त्यांना आठवण राहत नसे. मी क्रिकेटबद्दल बोललो आणि परत आलो. नाकाड्या कोपऱ्यात, कमलताईंच्या एका जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेला होता.

ऑगस्टमध्ये अकोल्याच्या एका कॉलेजात चर्चासत्र होतं. सरांचं भाषण आधीच ठरलेलं. मला वाटलं ते रद्द करतील, पण ते म्हणाले, "नाही. जाऊन सांगा लागते. चुकलं तं चुकलं म्हनून सांगा लागते. नाही तं उद्या कोनी तरी त्याच्यावर भरोसा ठेवीन." डॉक्टरीणबाई नाकाड्या मेळघाटात, सेमाडोहकडच्या गावांत नेऊन पाहणार होत्या. तिथल्या बाया तपासणीला येत नाहीत, बाटली तरी देतील, असं त्यांचं म्हणणं. त्याही अकोल्याला येणार होत्या. सरांचं ऐकूनच त्या काय ते ठरवणार होत्या.

मी सरांना माझ्या गाडीतून न्यायचं कबूल केलं. निघायच्या दिवशी सकाळी सुनंदा साडी नेसून गाडीत मागे येऊन बसली. म्हणाली, अकोल्याला मावशी आहे. तिची मावशी अकोल्याला आहे खरी, पण दोघींचं दहा वर्षं पटत नाही. मी गाडी सरांच्या फाटकाकडे नेली. सभागृहाशी पोचल्यावर मी विचारलं, "मावशीकडे सोडू?" ती म्हणाली, "पाह्यतो जरा सरायचं भाषन," आणि आत येऊन सगळ्यात मागच्या रांगेत बसली.

सभागृहात शंभरेक माणसं होती, बहुतेक केमिस्ट्रीची. सर बोलायला उभे राहिले. आठ पट्ट्या, चाळीस निरोगी माणसं, दवाखान्यातले पेशंट, सगळं नीट सांगितलं. पडद्यावर रेषा दाखवल्या. पेशंटच्या रेषा आणि आमच्या रेषा माझ्यासारख्या मराठीच्या मास्तरालाही वेगळ्या दिसत होत्या. मग त्यांनी एक रेषांचा संच दाखवला आणि म्हणाले, "हा एक नंबर. निरोगी म्हणून नोंद. पाच महिने प्रत्येक रविवारी निरोगी. सप्टेंबरमध्ये निदान झालं, आजार खूप पुढे गेलेला होता. म्हणजे या पाच महिन्यांत मशीनने एकदाही ओळखलं नाही. माझी शिफारस अशी आहे की हे यंत्र कोणीही वापरू नये."

एक तरुण प्राध्यापक उठला. चांगला मुलगा होता, पण त्याला काय माहीत? तो म्हणाला, "सर, एक केस चुकली म्हणून यंत्र टाकायचं का? बाटलीत अदलाबदल झाली असेल. सॅम्पल नीट गोळा झालं होतं का?"

"नीट झालं होतं," सर म्हणाले. "माझ्या घरचं होतं."

डॉक्टरीणबाईंनी समोरची वही मिटली. तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"हे खोटं हाय," सुनंदा म्हणाली.

शंभर माणसं मागे वळली. माझी बायको, जी किराणा दुकानात पुरुष गिऱ्हाईक असेल तर साबणसुद्धा हळू आवाजात मागते, ती उभी होती. समोरच्या खुर्चीची पाठ तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. "ते कमलताईचं मूत नव्हतंच. माहं होतं. एक नंबर बी माहं अन् नऊ नंबर बी माहं. ताईले लाल होत होतं. त्याईले दाखवाची लाज वाटे, म्हनून म्या भरून देलं. पाच महिने देलं. मशीन चुकलं नाई, म्या चुकलो, ताई चुकली."

"वहिनी," सर म्हणाले, "बसा."

"नाई बसत," सुनंदा म्हणाली.

"मले माहीत हाय वहिनी."

ते इतक्या हळू बोलले की माईक नसता तर कोणाला ऐकूही गेलं नसतं. अध्यक्ष गोंधळून एकदा सरांकडे, एकदा सुनंदाकडे बघत होते. "म्हणजे सर, डेटा खोटा आहे का?" त्यांनी विचारलं.

"डेटा खरा आहे," सर म्हणाले. "लेबल खोटं आहे." त्यांनी लॅपटॉपवर काहीतरी शोधलं आणि पडद्यावर दोन संच शेजारी शेजारी लावले, एक आणि नऊ. एप्रिलपर्यंत दोन्ही वेगवेगळे होते. एप्रिलपासून दोन्हींत काडीचा फरक नव्हता. "मशीननं बरोबर ओळखलं," ते म्हणाले, "दोन्ही बाटल्या एकाच माणसाच्या आहेत म्हणून." मग त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि व्यासपीठावरून खाली उतरले. जेवणाची सुट्टी जाहीर झाली. डॉक्टरीणबाई सुनंदाला बाहेर घेऊन गेल्या, पाणी दिलं. नाकाड्या सेमाडोहला न्यायचं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. सोबत एखादी बाई पाठवू, ती बायांशी आधी बोलेल, मगच बाटली, असं त्या सुनंदाला सांगत होत्या.

परतताना मूर्तिजापूरला मी चहासाठी गाडी थांबवली. टपरीशी बाकड्यावर बसल्यावर माझ्याने राहवलं नाही. "सर, केव्हापासून माहीत होतं?"

"मे महिन्यापासून," ते म्हणाले. "दोन रेषा जुळ्या दिसल्या. मी समजलो, ही वहिनीकडून भरून आणते. मले वाटलं, लाजते. बायको असली म्हनून काय झालं, दर रविवारी नवऱ्याच्या हातात बाटली द्याची म्हंजे कसं तरीच वाटत असन. म्हटलं, लाजू दे. कशाले टोकाचं? मी तिले दर सोमवारी सांगे, कमल, तुही रेष एकदम झकास. ते हासे." त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "बापाचं तेच झालतं. मले माहीत होतं न लाज काय करते ते. मलेच माहीत होतं. एका शब्दानं विचारलं नाही मी."

"मग मशीन चुकलं असं काहून सांगत होते सर?" मी विचारलं.

"नागपूरले दवाखान्यात ते मले सांगाले लागली. म्हने, तुमच्या मशीनचा दोष नाही, म्या तुमाले फसवलं. तशी रडे. मी म्हटलं, कमल, कायचं फसवलं? पेशंटच्या बाटल्यायले बी नॉर्मल सांगून रायलं थे. मशीनच बिघडलं हाय, तुही बाटली असती तरी काही कळलं नसतं." त्यांनी ग्लास परत उचलला. "तिले शांत वाटलं. झोपली. आता तिले तसं सांगितलं तं सगळ्यायले तेच सांगा लागते. अन् वहिनीचं नाव कशाले आनाचं? कोनाच्या तरी माथी मारा लागते न, मोहोड सर. मशीनले काय, त्याले रडू येत नाही."

आयुष्यभर ज्याने चार रोडग्यांचे दोन करू दिले नाहीत, तो माणूस जवळजवळ वर्षभर खोटं बोलत होता, आज तर शंभर माणसांसमोर, आणि त्या खोट्यासाठी त्याने स्वतःची बारा वर्षं लुगड्यात गुंडाळून ठेवली होती. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण सरांना असलं काही खपत नाही, म्हणून मी उठून चहाचे पैसे दिले.

सुनंदा खाली मान घालून बसली होती. "सर," ती म्हणाली, "मले माफ करा."

गाडीत बसताना सर नेहमीसारखे पुढे न बसता मागे, तिच्या शेजारी बसले. मी गाडी सुरू केली. गावाबाहेर पडल्यावर त्यांनी तिला विचारलं, "वहिनी, रविवारी ते तुमच्याकडे येई, तवा काय म्हने?"

"ताई?"

"हो. मी तं शेवटच्या गल्लीत असो. मले माहीतच नाही न, तवा ते काय बोले."

सुनंदा जरा विचारात पडली. मग म्हणाली, "घाई करे बम्म. म्हने, भर व लवकर, ते येतीन इतक्यात. एक डाव म्या म्हटलं, ताई, मले नाई जमत आता, सांगून टाका न सरायले, की बाटली नाई देत म्हनून. तं म्हने, नाई व सुनंदा. त्यायनं पहिला नंबर माह्यासाठी ठेवला हाय. थो कसा रिकामा ठेवू?"

आरशात मला सरांचा चेहरा दिसत होता. त्यांनी खिडकीकडे तोंड केलं, पण लगेच परत वळले.

"अजून?" ते म्हणाले.

"अजून म्हने, माहा मानूस नुसता नाकानं जगते, पन मन मोठं हाय त्याचं."

"अजून?"

सुनंदा सांगत गेली. कमलताईंना कोणत्या रविवारी उशीर झाला, कोणत्या रविवारी त्या बाटली विसरून कढीपत्ताच घेऊन गेल्या आणि अर्ध्यातून परत आल्या, हसल्या कशाला, रागावल्या कोणावर. सगळं सांगून झालं की सर जरा थांबत आणि परत विचारत. मी गाडी सावकाश चालवली. बडनेरा आलं, अमरावतीचे दिवे दिसायला लागले, तरी मागून त्यांचा तोच आवाज येत होता, "अजून? अजून काय म्हने?"